जावयाची अदलाबदल

सासुरवाडीत न मागता शेवया वाढल्या, की मला धडकी भरते. त्या संध्याकाळी करडीला, सासऱ्यांच्या घरी, शेवया आल्या, वर तुपाची धार, आणि मेहुणा पंख्याने वारा घालायला बसला. हा मेहुणा गावच्या हॉकी संघाचा कप्तान. एरवी पाण्याचा तांब्याही पुढे न करणारा माणूस.

"जवाईबापू, वाईट नोका मानू," तो म्हणाला, "तुमाले जवाहरनगरले देऊन टाकलं."

जिल्ह्याचे दोन झाले, गोंदिया वेगळा निघाला, तसे तिकडचे संघ करडीच्या स्पर्धेला यायचे थांबले. उरलेल्या चारदोन संघांत चुरस राहावी म्हणून खेळाडू बदलून घ्यायची पद्धत पडली. सामन्याआधी मैदानावर नारळ फुटेपर्यंत कोणीही कोणाला द्यावं. मी वरठीचा, पण गावचा जावई म्हणून दरवर्षी करडीकडून फुलबॅकला उभा राहायचो. माझ्या बदल्यात मेहुण्याने जवाहरनगरकडून एक पळणारा फॉरवर्ड घेतला होता.

"बरं," म्हटलं. जावयाने आणखी काय म्हणायचं? पण शेवया नुसत्या चिवडत राहिलो. माझं पोट सुटलंय म्हणून? की सासऱ्यांनीच सुचवलं, याला काढा? बायको म्हणाली, "कायले जिवाले लावून घेता? खेळच तं हाये." निदान माझ्याकडे बघून तरी म्हणायचं!

सकाळी सासरे घरात नव्हते. तोंड चुकवताहेत, दुसरं काय.

सामना करडी आणि जवाहरनगरचाच, शेतात, धान कापलेल्या बांधीत. तो फॉरवर्ड जवाहरनगर कॉलनीच्या सपाट मैदानावर पारखून घेतलेला; इथे धसकटांवर चेंडू उडायचा आणि तो बिचारा भलतीकडेच धावायचा. मला तिथला प्रत्येक उंचवटा पाठ. पण चेंडू सुटला तर लोक म्हणणार, जावयाने सोडला. अडवला तर सासुरवाडी तुटली. शेवटी मेहुणाच चेंडू घेऊन अंगावर आला. स्टिक आपोआप खाली गेली. चेंडू अडला, करडी एका गोलने हरली.

पाहुण्या संघाला जेवण सासऱ्यांच्याच अंगणात. माझा पाट नेहमी आत, देवघराजवळ. मी दाराकडे बघत उभा राहिलो. कोणी हाक मारली नाही. मग जवाहरनगरवाल्यांच्या पंगतीत शेवटच्या पत्रावळीवर बसलो. इतका राग आला होता, की रडू येईल अशी भीती वाटली.

वरणाची बादली घेऊन सासरे आले. माझ्यापाशी थांबले, वाढेनात.

"सकाळी नारळ फुटाच्या आधी गेलतो मी त्याइच्याकडे, तुमाले वापस मांगाले," ते हळूच म्हणाले. "लय हात जोडले. देतच नाही म्हने."

मी पत्रावळ पुढे सरकवली.