फोनवरची ओळखीची बाई

जव्हार भागातल्या जामसरकडच्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे. माझं माहेर सांगलीकडचं, त्यामुळे इथल्या बायकांना माझी मराठी जरा उपरीच वाटते. तरी त्या चालवून घेतात. शहरातल्या एका संस्थेला मात्र वाटलं, गरोदर बायकांना सल्ला द्यायला माणसं पुरत नाहीत. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरचा आवाज पाठवला. दर आठवड्याला तो फोन करणार आणि काय खायचं ते सांगणार.

संस्थेचे लोक तो ऐकवायला आले तेव्हा सोबत एक परदेशी पाहुणी होती. तिने डोळे मिटून ऐकलं आणि दुभाष्याकरवी सांगितलं की, या आवाजात आईची माया आहे. तिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, त्यामुळे मायेत काही अडथळा आला नाही.

मग फोन सातवा महिना लागलेल्या एका सुनेच्या हातात दिला. "आहारात हिरव्या पालेभाज्यांचा समावेश करावा," आवाज म्हणाला. तिने पदर सावरून ऐकलं आणि अदबीने विचारलं, गाव कोणतं, जेवलात का. आवाजाने लोहाचं महत्त्व सांगितलं. मोठ्या घरची दिसते, आपल्याशी बोलत नाही, असं म्हणून सुनेने फोन सासूकडे दिला.

सासूचा मुलगा वसईला बांधकामावर होता. तिने क्षणभर ऐकलं. "ही ओळखीची आहे. पोऱ्याला फोन लावला की हीच सांगते, तो कव्हरेजच्या बाहेर आहे."

ही बाई नाहीच, मशीन आहे, असं संस्थेच्या तरुणाने समजावलं. सासूने मान डोलावली. पाहुण्याला खोटं पाडायची इथे पद्धत नाही.

पुढच्या खेपेला त्यांनी आवाज 'स्थानिक' करून आणला. तो शहरी नाटकातल्या गावंढळ गड्यासारखा हेल काढायचा. बायका आधी हसल्या. "सिस्टर, ही आपल्याला चिडवते का?" सुनेने मला हळूच विचारलं. पहिलाच आवाज परत आला.

काही आठवड्यांनी संस्थेला दिसलं की, या सासू-सुनेच्या घरात प्रत्येक फोन शेवटपर्यंत ऐकला जातो. त्यांना आनंद झाला. कारण विचारायचं काम माझ्याकडे आलं. सासू म्हणाली, "तिचं सगळं ऐकून घेते. तिचं झालं की तिला सांगते, आता पोऱ्याला फोन दे."

मी हे जसंच्या तसं कळवलं. समाजाचा आवाजावर विश्वास बसतो आहे, असा अर्थ त्यांनी काढला.

गावातली माणसं वसईला कामावर नेणाऱ्या मुकादमाला मी गाठलं. मुलाने नंबर बदलला होता आणि घरी सांगायचं राहून गेलं होतं. आई त्याच्याशी बोलली, रागावली, रडली. बाळंतपणाला तो आला. जव्हारच्या दवाखान्यात मुलगी झाली, जरा आधीच.

पुढच्या आठवड्यात मी बाळाला बघायला गेले असताना फोन वाजला. नववा महिना लागला आहे, दवाखान्यात जायची तयारी ठेवा, आवाज म्हणाला.

"बाळंत झाली, बाई. मुलगी आहे," सासू म्हणाली. पलीकडे पुढचं वाक्य सुरू झालं. तिने ते पूर्ण होऊ दिलं आणि नातीचं रडणं ऐकवायला फोन झोळीपाशी नेला.