माझ्या डोक्यातल्या करंटचं गाऱ्हाणं

"खाली ठेवा ती पालखी! छातीत बॅटरी आहे तुमच्या, देवळातली घंटा नव्हे!"

बायको कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढून ओरडत होती. ढोल-ताशांच्या वर आवाज काढणारी बाई आमच्या तालुक्यात ही एकच. मी मात्र आमच्या घरापुढच्या खळ्यात ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेऊन असा गरगरत होतो की पलीकडच्या दांडीचे दोघं तरणेबांड भोवळ येऊन आंब्याच्या कलमाच्या बुंध्याला टेकले.

शिमग्याला पालखी घरी येते, तिला नाचवायची असते. मागचे कितीतरी शिमगे मी ते खुर्चीतून बघितलं होतं. पार्किन्सनने हात असा हलायचा की माझ्या बशीतला चहा शेजारच्याच्या सदऱ्यावर. तोंड इतकं आखडलेलं की पाहुणे मला सोडून माझ्यामागच्या कॅलेंडरला नमस्कार करत. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी डोक्याला भोकं पाडून मेंदूत दोन तारा सोडल्या, छातीच्या कातडीखाली बॅटरी बसवली आणि करंट सुरू केला. हात थांबला. पण हातातली ती सगळी वळवळ तोंडात गेली!

मिरजोळ्याच्या कारखान्यांतून पाळी सुटली की मी फाटकाशी हजर. माझ्या गोष्टी ऐकता ऐकता लोकांची पुढची पाळी सुरू व्हायची. झोप मला लागेना, आणि मला लागेना म्हणून बायकोला मिळेना. एकदा कोथिंबीर आणायला गेलो तो टोपलीभर सुरमई आणि तीन छत्र्या घेऊन आलो. बायकोने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "करंट जरा जास्त होतोय. सोमवारी घेऊन या, कमी करू."

कमी करू! म्हणजे परत ती खुर्ची, परत ते कॅलेंडर.

पालखी टेकली. आता गुरवाने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि दर वाक्याला सगळ्यांनी "होय म्हाराजा!" म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. गुरवाने खोकून घसा साफ केला, तेवढ्यात मीच पुढे झालो.

"बा देवा म्हाराजा! हे माकडांचे कळप घाटाच्या वर पाठव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"वाडीतल्या सगळ्यांनी रोज सकाळी माझ्या खळ्यात बसून माझ्या गोष्टी ऐकाव्यात रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" लोक सवयीने गरजले. मग एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

"आणि जो डॉक्टर सोमवारी माझा करंट कमी करील, त्याचा हात जागच्या जागी आखडू दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"अहो काका, देवाला काय कामाला लावताय," गुरव पुटपुटला. पण बोललेलं परत कसं घेणार? सगळी वाडी माझ्या बाजूने. फक्त गडग्यावरून आवाज आला नव्हता.

सोमवारी मुंबई. डॉक्टरांनी हातातलं यंत्र माझ्या छातीपाशी धरलं. त्यांचा हात अगदी मोकळा होता. आमच्या देवाची हद्द तिथवर नसावी. मी खुर्चीतून उठलो, हात जोडले आणि खळ्यातल्याच आवाजात सुरू केलं, "बा डॉक्टर म्हाराजा! पुढच्या शिमग्याच्या पालखीपर्यंत तरी हा करंट आहे तसाच राहू दे रे म्हाराजा!"

बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारात जमले. पण होय म्हणायला कोणी नाही. मी बायकोकडे बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं साचलं होतं, पिशवी मांडीवर घट्ट धरलेली.

डॉक्टर हसू दाबत तिला म्हणाले, "तुमचं काय म्हणणं, ताई?"

"कमी करा," ती म्हणाली. "पण पूर्वीइतके गप्प नकोत."