मुंग्यांच्या नावाने मंजूर

ऐंशीच्या दशकात मी वाशीच्या एका नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागले. इमारतीला रंग लागायचा होता, पण कॉम्प्युटर आला होता. त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, देवळात जावं तसं.

माझ्या टेबलावर चहाची साखर सांडायची आणि मुंग्या हळूहळू तिथवरची जवळची वाट धरायच्या. मला त्याचं वेड लागलं. असाच वाटा चाचपत, चांगली वाट पक्की करत जाणारा प्रोग्राम लिहिला तर? जवळच्या पावणे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतून माल उचलणारा टेम्पो तरी कमी भटकेल. तेवढ्यात एका मंडळाने ‘धाडसी संशोधनासाठी बीजनिधी’ जाहीर केला. मी अर्ज केला.

समितीत तिघे होते. पहिल्यांनी विचारलं, “परदेशात कोणी केलंय हे?”

“माझ्या माहितीत तरी नाही, सर.”

“मग जमेल कशावरून?”

“तेच शोधायचंय.”

दुसरे दचकले. “म्हणजे फसूही शकतं? बाई, धाडस करा, पण खात्रीचं करा.”

तिसरे चहात बिस्किट बुडवत होते. ते म्हणाले, “मुंग्या आपल्याकडे मुबलक. अगदी स्वदेशी कल्पना आहे.” त्या एका शब्दावर निधी मंजूर झाला.

पैसे आले ते प्राचार्यांच्या हाती. त्यांनी आधी स्वतःच्या केबिनला एसी बसवला, मग संगमरवरी पाटी केली, मग प्रकल्पाचं उद्घाटन ठरवलं. मुंग्या लांबची वाट धरतात की जवळची ते बघायला मी माझ्या खोलीच्या खिडकीत दोन वाटांचा पुठ्ठ्याचा पूल मांडला होता. उद्घाटनाच्या सकाळी येऊन बघते तर पुलावर मुंग्यांचा सडा. खोलीभर औषधाचा वास.

“सर, मुंग्या मारल्यात तुम्ही!”

“अहो मॅडम, पाहुण्यांना चावल्या असत्या. टेन्शन नको म्हणून पेस्ट कंट्रोलवाले बोलावले.” मग समजूत घालत म्हणाले, “नव्या येतील की!”

मला रडू येत होतं, पण फितीचं तबक माझ्याच हातात होतं. पाहुणे उशिरा आले, रिकाम्या पुठ्ठ्याकडे बघून “अद्भुत!” म्हणाले आणि मुंग्यांच्या शिस्तीवर बोलले. प्राचार्यांनी सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या.

मी पूल उचलून सानपाड्याला, माझ्या भाड्याच्या खोलीत नेला. घरमालकीण मूळ सानपाडा गावातलीच, आगरी. ओट्यावरचा पूल बघून म्हणाली, “आमी मुंग्या हाकलतो, न तुमी पालता?” तरी रोज चिमूटभर गूळ तीच ठेवायची.

प्रोग्राम चालला. पावण्याच्या एका टेम्पोमालकाने प्रोग्रामने काढलेला रस्ता धरून बघितला आणि डिझेल वाचतंय म्हणाला. मी आनंदाने समितीकडे पुढचा निधी मागायला गेले.

“जमलं ना?” पहिले गृहस्थ म्हणाले. “मग आता यात धाडस ते काय उरलं?”

मी मोठ्याने हसले. समितीला ते उद्धटपणाचं वाटलं. त्यानंतर कॉलेजात माझ्याकडे स्नेहसंमेलनाची जबाबदारी आली. टेम्पोमालक मात्र रबाळ्याला नवं गिऱ्हाईक मिळालं की घरी यायचा आणि दारातूनच विचारायचा, “मॅडम, मुंग्यांना विचारून सांगता का?”