तुरीनमधली चिमुकली गाडी

रविवारी सकाळी इटलीतल्या तुरीनमध्ये माझ्या लेकीच्या घरासमोर एक म्हातारा आपल्या जुन्या, चिमुकल्या गाडीशी झगडत होता. त्याची नटलेली म्हातारी आत बसलेली. त्यांच्या नातीच्या लग्नाची वेळ होत आली होती आणि गाडी काही सुरू होईना.

"आबा, तुम्ही मध्ये पडू नका," लेक म्हणाली.

मी चौथी शिकलेला, पण कोल्हापुरात चाळीस वर्षं गाड्या खोलल्यात. पडलोच मध्ये.

त्याचं बोट कार्बोरेटरवर, माझं ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवर. दोघंही हट्टी. शेवटी त्याचीच काडेपेटी घेतली आणि तिच्या खरखरीत बाजूनं पॉइंटची काजळी घासून काढली. म्हातारा हसतच सुटला.

"ते म्हणतायत, आम्हीपण अस्संच करायचो," लेकीनं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तो दक्षिणेतली कोरडी शेती सोडून इथल्या कारखान्यात आला, अशाच गाड्या जुळवत राहिला आणि एक दिवस त्यातलीच एक त्यानं स्वतःच्या दारात आणून उभी केली. मोडलेला हा देश मोठ्या माणसांनी वर काढला म्हणतात. म्हणोत बापडे. मला तर दारोदार उभी असलेली अशी एकेक गाडी दिसते, आणि तिच्यामागं काळी नखं.

गाडी फुरफुरली. मी हात पुसत मागं सरलो, तर म्हातारीनं दार उघडून मला आत ओढलं.

"आबा, अहो कुठं निघालात?"

"लग्नाला!"