मेटाडोरमधली समोरासमोरची बाकडी

मंडळी, आज नव्या गाडीत घरच्यांना घेऊन मुर्रीहून तिरोड्याला साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला गेलो. सात सीटा, एसी, सगळं गुळगुळीत. मीही जरा तोऱ्यातच होतो.

मागच्या सीटवर माझी आत्या होती. एरवी तिचं तोंड बंद होत नाही, आज रस्ताभर गप्प. उतरल्यावर विचारलं, "आत्या, गाडी लागली काय?"

"गाडी चांगली हाये रे बाबू. पन बोलू कोनासंग? मी तं तुमची मुंडकीच पाहून राहिली होती."

खरंच होतं. आमच्या जुन्या मेटाडोरमधल्या कंपनीच्या सीटा बाबांनी काढून टाकल्या होत्या आणि सागवानी बाकडी समोरासमोर ठोकून घेतली होती. खिडक्यांना आईच्या जुन्या लुगड्यांचे पडदे, काचेवर निळ्या रंगात 'जय भीम'. दीक्षाभूमीला जाताना गुडघ्याला गुडघे लागायचे. वाटेत भांडणं व्हायची, ती नागपूर येईपर्यंत मिटायचीही, कारण तोंड फिरवायला जागाच नसायची.

बाबांनंतर ती भंगारात गेली. एक बाकडं तरी ठेवायला हवं होतं.

तुमच्याकडे होती का अशी गाडी? तिच्यात तुमच्या समोर कोण बसायचं?

माझ्यासमोर आई बसायची.