टेबलाच्या खालच्या अंगाला

काकासाहेबांच्या हर्राशीत पहिल्यांदा येणारा माणूस हमखास बुचकळ्यात पडतो. क्रांती चौकातून आत वळलं की जिनिंगचं एक जुनं गोदाम लागतं. तिथं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला जुन्या वस्तूंचा लिलाव होतो, त्याला इकडं हर्राशी म्हणतात. निजामाच्या काळातली आरामखुर्ची म्हणा, पान थुंकायचं पितळी उगालदान म्हणा, कुणाच्या आजोबांचा ग्रामोफोन म्हणा, एकेक वस्तू पुढं येते. दुसरीकडं अशा वेळी वस्तूचं कौतुक सुरू होतं. इथं हिरव्या लुगड्यातली एक ठेंगणी बाई उठते, वस्तूपाशी जाते आणि खणखणीत आवाजात तिच्या खोडी सांगते.

"मागचा पाय बदललेला हाय. वेत जुना नाय, दोन वर्सांपूर्वी विणलाय. उजव्या हाताला किडीची तीन भोकं, कीड मेलेली हाय."

एवढं सांगून बाई खाली बसते आणि मग काकासाहेब बोली पुकारायला लागतात.

ही कडूबाई. आधीची दोन लेकरं जगली नाहीत म्हणून आईबापानं तिसरीचं नाव कडू ठेवलं. कडू जिन्नस मरणही तोंडात घालणार नाही, असा त्यांचा अंदाज. अंदाज खरा निघाला म्हणायचा, कारण त्रेसष्टाव्या वर्षी ही बाई सागवानी कपाट एकटीनं आडवं करते आणि वर विचारते, चहा झाला का. राहायला हर्सूलला. मुलगा धम्मपाल वाळूजच्या कंपनीत आहे, सून आहे, नात आहे. घरी बसून खा म्हणतात. पण घरी बसणं तिला जमत नाही.

ती गोदामात आली अठरा वर्षांपूर्वी, झाडलोटीला. पहिल्याच आठवड्यात काकासाहेबांनी एक सुरई पुसायला दिली. काळी कुळकुळीत, अंगावर चांदीची बारीक वेल. कडूबाईला वाटलं, लोकांनी किती वर्षं ही घासलीच नाही. तिनं चिंच घेतली, राख घेतली, आणि पदर खोचून दोन तास त्या सुरईच्या मागं लागली. काळं सगळं गेलं. सुरई स्टीलच्या तांब्यासारखी पांढरीफटक झाली आणि वेल कुठं गेली ते दिसेना. ती बिदरी होती, जस्तावर चांदी ठोकून मुद्दाम काळी केलेली. बिदरीत त्या काळ्या रंगालाच तर सगळी किंमत.

काकासाहेबांनी सुरई हातात घेऊन फिरवून पाहिली. जमीनजुमल्याच्या घरातला माणूस, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. पण त्या दिवशी तो आवाज चढला नाही. शेवटी म्हणाले, "कडूबाई, आता हिच्यात लोणचं घाला."

दुसरी कुणी असती तर परत आली नसती. कडूबाई रविवारी आली, भरल्या गोदामात सुरई पुढं आली तेव्हा कुणी न सांगता उठली आणि म्हणाली, "ही बिदरी व्हती. हिचा काळा रंग मी घालवला. आता हिच्यात काय राह्यलं नाय, उगं पैसे घालू नका." माणसं खो खो हसली. सुरई कुणी घेतली नाही, पण त्यानंतरच्या प्रत्येक वस्तूवर त्या दिवशी बोली चढत गेली, कारण ज्या हर्राशीत असं खरं बोललं जातं तिथं फसण्याची भीती नाही, हे लोकांना कळलं. ते काकासाहेबांनाही कळलं. त्यांनी सुरईची भरपाई मालकाला स्वतः दिली, सुरई आपल्या टेबलावर पेन ठेवायला घेतली आणि खोडी सांगायचं काम कडूबाईकडं दिलं, ते आजतागायत. पुढं ती सगळं शिकली: तिळाचं तेल कुठं लावायचं, मेण कुठं, जुन्या धोतराचा बोळा किती हलक्या हातानं फिरवायचा, आणि मुख्य म्हणजे हात कुठं थांबवायचा.

खोडी सांगायच्या हा हर्राशीचा पहिला नियम. दुसरा असा, की घरच्या किंवा कामावरच्या माणसानं बोली लावायची नाही. स्वतः नाही आणि आडून कुणाला उभं करूनही नाही. काकासाहेबांच्या सख्ख्या सुनेला एक झुंबर आवडलं होतं, ते लासूर स्टेशनचा एक आडत्या घेऊन गेला आणि ती आठवडाभर फुगून बसली होती. नियम म्हणजे नियम.

मागच्या हिवाळ्यात शहरातल्या एका जुन्या बोर्डिंगचा माल आला. गरिबाघरच्या पोरांसाठी कधीकाळी काढलेलं बोर्डिंग. आता मुलींसाठी नव्या खोल्या बांधायच्या म्हणून त्यांनी जुनं सामान विकायला काढलं होतं. बाकं, लोखंडी खाटा, घंटा, आणि एक सहा फुटी सागवानी टेबल, अभ्यासाच्या खोलीतलं. रविवारच्या आत ते सगळं तयार करायचं होतं.

कडूबाईनं टेबल उलटं पाडलं. ती नेहमी खालून सुरुवात करते. वस्तू वरून खोटं बोलते, खालून बोलत नाही, असं तिचं म्हणणं. सकाळचं ऊन खिडकीतून आडवं येत होतं. तिनं बोळा फिरवला, धूळ गेली, आणि कोपऱ्यात अक्षरं दिसली. चाकूनं कोरलेली. तिनं एकेक अक्षर बोट लावून वाचलं, तशीच सवय होती तिला. राजकुमार. खाली दोन रेघा आणि रेघांच्या मधोमध एक टिंब.

ती मांडी घालून तिथंच बसली.

राजकुमार तिच्या नवऱ्याचं नाव. त्या नावाची माणसं गावात पन्नास असतील, पण सहीखाली दोन रेघा मारून मधे टिंब देणारा एकच. हर्सूलच्या तलावावर चौकीदार होता. दहावीला दोन वर्षं याच बोर्डिंगात राहिला आणि गणितात नापास झाला. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं तिला चुलीतल्या कोळशानं फरशीवर अक्षरं काढून दाखवली, आणि म्हणाला, तुझं नाव तुला आलं पाहिजे. ती गिरवायची, तो चूल सारवायच्या पोतेऱ्यानं पुसायचा, पुन्हा काढायचा. बढाया मारण्यातही पटाईत होता. "बोर्डिंगात माझं नाव हाय, कुणाला दिसणार नाय असं लिवलंय," म्हणायचा. कडूबाई म्हणायची, "दिसणार नाय म्हणजे नसलंच." यावर तो रुसायचाही.

अकरा वर्षांपूर्वी तो गेला. त्याच्या सह्यांचे कागद पेटीत होते, ती पेटी वाळवीनं खाल्ली. फोटो आहे, पण त्याच्या हातचं एक अक्षर घरात उरलं नव्हतं. आणि आज ते नाव तिच्यासमोर उताणं पडलं होतं, क्रमांक सतराची चिठ्ठी चिकटवून.

ते टेबल तिला हवं होतं. इतकी वर्षं लोकांच्या वस्तू पुसल्या, एकीवरही जीव जडला नव्हता. या एका वस्तूवर जडला आणि नियम आडवा आला.

घरी तिनं धम्मपालला सांगितलं. तो म्हणाला, "आई, माझ्या दोस्ताला पाठवतो ना. कुणाला कळणारे?"

"मला कळंल."

"मग काकासाहेबांना सांग. ते देतील."

"देतील तर. हर्राशी थांबवतील आन देतील. माल काकासाहेबांचा नाय, बाबा. पोरींच्या खोल्या बांधायच्यात त्याच्यावर. तुझा बाप तिथंच शिकला, आन त्याच्याच नावावर मी पोरींचं कमी करू व्हय?"

धम्मपालनं ताट पुढं ओढलं. त्याच्या बायकोनं भाकरी वाढली आणि विषय तिथंच राहिला.

पण मन सरळ नसतं, कडूबाईचंही नाही. शुक्रवारी टेबलाचा वरचा भाग करायला घेतला तेव्हा धुण्याच्या सोड्याचा डबा तिच्या हाताशी होता. सोडा आणि गरम पाणी घालून घासलं, की सागाचा सगळा जुना रंग उतरतो आणि लाकूड आजारी माणसासारखं पांढरं पडतं. मग त्याला कुणी विचारत नाही. न खपलेला माल चार दिवसांनी उचलून न्यायला नियमाची आडकाठी नव्हती. आणि कडूबाईनं एकदा अशी चूक केलीच होती. दुसऱ्यांदा केली तर सगळे हसतील आणि सोडून देतील. तिनं डबा उचलला. काकासाहेबांच्या टेबलावर ती पांढरी सुरई पेनं पोटात घेऊन उभी होती. कडूबाईनं डबा परत फळीवर ठेवला, तोही अगदी वरच्या, आणि मेणाची वाटी ओढली. त्या टेबलाला तिनं दोन दिवस दिले. इतकं सुंदर काम तिनं दुसऱ्या कशाचं केलं नसेल. जो जिन्नस परक्याच्या घरी जाणार तोच ती आपल्या हातानं नटवत होती, आणि याचा तिला राग येत होता, हेही सांगून टाकतो.

रविवारी सतरा नंबर पुढं आला. कडूबाई उठली.

"शाईचे डाग हायेत, काढले नायत. काढले तर रंग बी जातो. डाव्या पायाखाली चकती ठोकलीय. आन खालच्या अंगाला चाकूनं नाव कोरलंय."

"काय नाव?" पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं विचारलं.

"राजकुमार."

"अरे वा, मग शाही टेबल म्हणून विकू," तो म्हणाला, आणि लोक हसले. कडूबाईनं मान खाली घातली. नाव आहे ही खोड. ते कुणाचं आहे, ही खोड नाही. असं तिनं स्वतःला तीन दिवस बजावलं होतं.

बोली चढली. पुण्याचा व्यापारी थांबत नव्हता, आणि त्याच्या समोर निशा नावाची एक तरुण बाई थांबत नव्हती. तिची औरंगपुऱ्यात अभ्यासिका होती, स्पर्धा परीक्षेची मुलं बसायची. शेवटी व्यापाऱ्यानं खांदे उडवले. टेबल निशाला गेलं. बोर्डिंगच्या माणसांचे चेहरे उजळले, आणि कडूबाईला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम.

पावती घेताना निशा तिच्यापाशी आली. "आजी, ते खालचं नाव तेवढं घासून द्याल? आमची मुलं बघतील आणि आपापली कोरत बसतील."

गिऱ्हाइकानं सांगितलं की करून द्यायचं, ही रीत. कडूबाई "व्हय" म्हणाली.

दुपारी गोदाम रिकामं झाल्यावर काकासाहेब कुलूप लावायला आले, तर कडूबाई उलट्या टेबलापाशी बसलेली. हातात काचकागद. समोर नाव तसंच.

"काय झालं?"

तेव्हा तिनं सगळं सांगितलं, कोळशापासून सोड्याच्या डब्यापर्यंत. काकासाहेब ऐकता ऐकता एका खाटेवर बसले.

"मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं आसतं तर तुम्ही हर्राशी थांबवली आसती."

"थांबवलीच असती," ते म्हणाले, आणि डोळे पुसायच्या ऐवजी चष्मा पुसला. मग फोन काढला. "मी बोलतो त्या बाईंशी."

"नंबर लावून द्या. मीच बोलते."

निशानं फोन उचलला. कडूबाई जरा मोठ्यानंच बोलली, फोनवर ती तशीच बोलते. "मॅडम, टेबल तुमचं, हुकूम तुमचा. पण त्ये नाव माझ्या मालकाचं हाय. त्यायनी शाळेत असताना कोरलं. घासायचंच आसल तर दुसरं माणूस बघा, माझा हात चालंना."

 मग निशानं विचारलं, "काय शिकत होते ते?"

"दहावी. गणितात नापास झाले."

"मग राहू द्या, आजी," निशा म्हणाली. "माझ्याकडची निम्मी मुलं गणितालाच घाबरतात. त्यांच्या सोबतीला असू दे कुणीतरी." आणि पुढं म्हणाली, "पुसायला तुम्हीच येत जा. महिन्यातून एकदा."

टेम्पोत टेबलासोबत कडूबाईही गेली. अभ्यासिका पहिल्या मजल्यावर, खाली एक इस्त्रीवाला. टेबल वर चढेपर्यंत ती त्याच्यापाशी उभी राहिली, आणि त्याच्या इस्त्रीतून विझलेला एक कोळसा तिनं मागून घेतला. "कशाला, मावशी?" त्यानं विचारलं. "लागतो," ती म्हणाली आणि पदराच्या गाठीत बांधला.

वर टेबल खिडकीशी लावलं. मुलं पुस्तकं घेऊन यायला अजून अवकाश होता, निशा टेम्पोवाल्याला निरोप द्यायला खाली गेली होती. कडूबाई पायाची चकती बघायच्या निमित्तानं टेबलाखाली शिरली आणि उताणी पडली. त्या वयात हे सोपं नाही. वर, नाकापासून हातभर अंतरावर, तो होता. दोन रेघा, मधे टिंब.

"व्हतं बरं का नाव," ती म्हणाली. "मी उगंच भांडले."

मग तिनं गाठ सोडली आणि त्याच्या शेजारी, त्यानं शिकवलं होतं तसं एकेक अक्षर जोडून, कोळशानं आपलं नाव लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या. टिंबही दिलं. पुसायला या वेळी कुणी पोतेरं घेऊन बसलेलं नव्हतं.

अठरा वर्षांत तिच्या हाताखालून हजारो वस्तू गेल्या, आणि एकीचीही खोड तिनं लपवली नाही. त्या टेबलाची एक मात्र तिनं अजून कुणाला सांगितलेली नाही.