डॉक्टरांनी लिहिलं नाही, तर सर सडपातळ!

आमच्या ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. दिवसभर परक्या माणसांची दुखणी वाचायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? नाशिकमध्ये बसून आम्ही अमेरिकेतल्या पेशंटचे चार्ट वाचतो आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड लावतो. तो पाहून तिकडची विमा कंपनी बिल पास करते. एकलहऱ्याच्या माझ्या मावशीला हे सगळं नीट समजावलं.

"म्हणजे पेशंट तुला दिसतच नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"मग त्याला बरं वाटलं का, हे कसं कळतं?"

ते मलाही अजून कळलेलं नाही!

*

नवी होते तेव्हाची गोष्ट. एका चार्टवर बीएमआय होता एक्केचाळीस. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, त्याचा आकडा. तो तीसच्या वर गेला की लठ्ठपणा. मी शहाणपणा करून लठ्ठपणाचा कोड लावून टाकला.

आमचे टीम लीड भामरे सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. सर मूळचे सटाण्याचे, बोलायला गोड आणि देहाने ऐसपैस.

"मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही, सर."

"आकडा नर्सने लिहिला तरी चालतो. पण लठ्ठपणा आहे हे डॉक्टरनेच लिहायला हवं. लिहिलंय?"

"नाही, पण एक्केचाळीस म्हणजे..."

"लिहिलं नाही ना? मग माणूस सडपातळ!"

*

माझ्या शेजारी अमोल बसतो. त्याची बायको गरोदर असताना एकदा घरच्या वजनकाट्यावर उभी राहून रडायला लागली. अमोल म्हणाला, "अगं, गरोदरपणात बीएमआयचा कोड लावायचाच नसतो. गाइडलाइन आहे तशी!" ती इतकी खूश झाली की तो काटा पलंगाखाली गेला.

बाळ आता चालायला लागलंय. परवा अमोल सरांना विचारत होता, "सर, त्या गाइडलाइनला मुदतवाढ मिळते का? घरून विचारणा झालीय."

*

ऑफिसात आरोग्य शिबिर झालं. आहारतज्ज्ञ बाईंनी सरांचं वजन घेतलं, उंची घेतली आणि बीएमआय लिहिला: अडतीस. आम्ही सगळे माना वाकवून बघत होतो.

सरांनी शांतपणे विचारलं, "आपण डॉक्टर का?"

"नाही, मी आहारतज्ज्ञ."

"मग झालं तर!" म्हणत सरांनी दुसरी मिसळ मागवली, पापडासकट.

*

सरांना कुठेही झोप लागायची. एकदा क्लायंटबरोबर कॉल सुरू असताना ते चक्क घोरायला लागले. तिकडच्या बाईंनी काळजीने विचारलं, "तुमच्याकडे काही बांधकाम सुरू आहे का?"

अमोल गंभीरपणे म्हणाला, "येस मॅम, मेट्रो!"

नाशिकला मेट्रो आहे कुठे?

हसलो खरे. पण मग एका सकाळी ऑफिसला येताना सर द्वारका चौकाच्या सिग्नलला स्टिअरिंगवरच झोपले. त्या दिवशी मी त्यांच्याच गाडीतून येत होते, शेजारी बसले होते. त्यांचा पाय ब्रेकवरून सुटला आणि गाडी पुढच्या ट्रककडे सरकायला लागली. मी कसाबसा हँडब्रेक ओढला.

"सर, दोन लहान मुली आहेत घरी तुमच्या! डॉक्टरकडे जा!" मी ओरडलेच. राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटली होती.

सरांनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, "जातो."

*

सर डॉक्टरकडे गेले एकदाचे, बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, घेऊन. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना घेरलं.

"डॉक्टरांनी लठ्ठपणा लिहिलाय. मान्य!" सर म्हणाले.

"आणि झोपेचं?"

"झोपेत श्वास अडकतो, अशी शंका लिहिलीय. एक रात्र हॉस्पिटलात झोपून तपासणी करा म्हणाले. आज संध्याकाळी बोलावलंय."

"मग जाताय ना?"

"ओपीडीच्या चार्टवर डॉक्टरने नुसती शंका लिहिली असेल, तर आपण त्या आजाराचा कोड लावतो का?"

"नाही," अमोल बिचारा खरं बोलून गेला.

"मग झालं तर!" सर पुन्हा स्क्रीनकडे वळले. मला रडावं की हसावं कळेना.

संध्याकाळी रिसेप्शनला वहिनी येऊन उभ्या राहिल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत चादर आणि सरांचा नाइट ड्रेस. सर समजूत घालायला बाहेर गेले. मागोमाग आम्हीही दारापर्यंत गेलो.

"अगं, डॉक्टरांना नुसती शंका आहे..."

वहिनीही सटाण्याकडच्याच. एरवी आमच्याशी अगदी शहरी बोलतात, पण चिडल्या की अहिराणीवर येतात.

"डॉक्टरले शंका शे," त्या म्हणाल्या, "माले नही! चला!"

सरांनी पिशवी घेतली आणि निघाले. गाडी वहिनींनी चालवली.